चौघांचा पेपर, म्हणणं मात्र एक

अगं, ग्रुपमध्ये अजिबात वाद झाला नाही म्हणून तू खूश आहेस, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटतेय. पहिल्याच मीटिंगमध्ये भाग वाटून झाले. एकाकडे प्रस्तावना, एकीकडे इतिहास, एकाकडे विरोधी मुद्दे, आणि तुझ्याकडे निष्कर्ष नि संदर्भसूची. अर्ध्या तासात सगळे सायकलवर बसून घरी. पण पेपरमधून म्हणायचं काय आहे, हे तर कुणी बोललंच नाही! मग तू निष्कर्ष कशाचा लिहिणार?

आपल्याकडचा इंजिनीअरिंगचा फायनल इयर प्रोजेक्ट आठव. एकजण रात्रंदिवस राबायचा, बाकीचे बाइंडिंगचे पैसे भरायचे आणि व्हायवाला चौघं इस्त्रीचे शर्ट घालून उभे राहायचे. ती सवय इथे नेदरलँड्समध्ये आणू नकोस. युक्तिवादाच्या पेपरमध्ये माहिती किती गोळा केली याला फारसं मोल नसतं. तुम्ही एक बाजू घेतलीत का, ती पुराव्याने पेललीत का, आणि समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे ऐकून घेतलंत का, हे बघतात.

तुमचा ओस्टरस्खेल्डे खाडीचा विषय मला फार आवडला, म्हणून त्यावरच बोलते. 1953 च्या 31 जानेवारीच्या रात्री समुद्र आत घुसला आणि नेदरलँड्समध्ये 1836 माणसं गेली. त्यानंतर नैऋत्येकडच्या खाड्यांची तोंडं बंद करायची योजना झाली. ओस्टरस्खेल्डेवरही भरभक्कम धरण घालून समुद्र कायमचा बाहेर ठेवायचा, असं ठरलं होतं. पण खाडी बंद झाली की पाण्याचा खारेपणा जाणार, भरती-ओहोटी थांबणार आणि शिनाणे नि कालवं पिकवणाऱ्यांचं पोट जाणार. मच्छीमार आणि निसर्गप्रेमी दोघंही विरोधात रस्त्यावर उतरले. सत्तरच्या दशकात सरकारला बेत बदलावा लागला. खर्च वाढला, वर्षं वाढली, आणि 4 ऑक्टोबर 1986 रोजी राणी बेआट्रिक्सने जिचं उद्घाटन केलं ती 62 पोलादी दारांची भिंत उभी राहिली. एरवी दारं उघडी असतात आणि मोठं वादळ आलं की बंद करतात.

आता तुमच्या फाइलवरचं वाक्य बघ: ‘ओस्टरस्खेल्डे प्रकल्पाचे फायदे आणि तोटे.’ हे म्हणणं झालं नाही, हा शाळेतल्या निबंधाचा मथळा झाला. याच्याशी कुणाचंच दुमत होणार नाही, मग युक्तिवाद करायचा कुणाशी? ‘खाडी पूर्ण बंद न करता दारं बांधली, हा निर्णय योग्य होता’ असं लिहिलंत की जरा धग येते. त्याच्याही पुढे जा. दारं उघडी असली तरी मधल्या खांबांमुळे भरतीचा जोर कमी झाला. त्यामुळे ओहोटीला उघडी पडणारी वाळूची पठारं झिजत चालली आहेत आणि तिथे चरणाऱ्या पक्ष्यांची जागा आक्रसतेय. डच लोक याला वाळूची भूक म्हणतात. ही गोष्ट तुमच्या बाजूच्या थेट विरोधात जाते, म्हणून ती तळटीपेत लपवायची नाही, मुख्य वाक्यातच घ्यायची: ‘वाळूची पठारं झिजत असली तरी खाडी अर्धी उघडी ठेवण्याचा निर्णय योग्य होता, कारण...’ त्या ‘कारण’पुढे काय येणार, यावर तुम्ही चौघांनी टेबलाभोवती बसून हमरीतुमरीवर यायला हवं. त्यात एक संध्याकाळ गेली तरी चालेल. पाच ईसीचा, म्हणजे पाच क्रेडिटचा, कोर्स म्हणजे नियमाने माणशी 140 तासांचं काम, त्यातली ती सगळ्यांत कारणी लागलेली संध्याकाळ असेल.

इथे एक मेख आहे. या देशाला सगळ्यांचं ऐकून मधला मार्ग काढायची शतकांची सवय आहे आणि मला त्याचा मनापासून आदर वाटतो. मीटिंग कधी, मुदत कोणती, कोणाला किती काम, हे सगळं त्याच पद्धतीने ठरवा. पण पेपरचं म्हणणं तसं ठरवू नका. चौघांना खूश करणारं वाक्य शेवटी ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ इथे येऊन थांबतं. ज्याला ते पटत नसेल त्याच्या शंका नोंदवून ठेवा. तुमचे सगळ्यांत धारदार विरोधी मुद्दे त्याच्याकडूनच मिळतील.

आणि तो विरोध करणारा आवाज बरेचदा तुझा असायला हवा. तू गप्प बसतेस, हे मला ठाऊक आहे. मोठ्यांसमोर उलट बोलायचं नाही, चारचौघांत कुणाला खोडायचं नाही, हे आपल्यात लहानपणापासून मुरलेलं. ग्रुपमधला तुझा डच जोडीदार मात्र तोंडावर ‘हे मला पटलं नाही’ म्हणतो आणि पुढच्या मिनिटाला तुझ्यासाठी कॉफी आणतो. त्याच्या मनात काही नसतं, तूही मनात ठेवू नकोस. पण तू गप्प राहिलीस तर तो त्याचा अर्थ ‘हिला मान्य आहे’ असा घेणार. नंतर मला फोन करून ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ म्हणण्यात काय अर्थ?

ॲम्स्टरडॅम विद्यापीठात फ्रान्स व्हान एमेरेन आणि रॉब ग्रोटेनडॉर्स्ट या दोघांनी वादचर्चेचे नियम बसवले. युक्तिवादाचा अभ्यास करणाऱ्यांना ते जगभर माहीत आहेत. त्यातले तीनच सांगते. समोरच्याला मत मांडण्यापासून किंवा शंका घेण्यापासून अडवायचं नाही. ज्याने मत मांडलं त्याने, विचारल्यावर, त्याचं समर्थन करायचं. आणि समोरचा जे म्हणालाच नाही ते त्याच्या तोंडी घालून खोडायचं नाही. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा असा दंडक होता, तो यापेक्षा फार वेगळा नाही. हे नियम पेपरला जितके लागू, तितकेच तुमच्या मीटिंगलाही. ‘हे कशावरून?’ असं विचारणं उद्धटपणा नाही, ते तुझं कामच आहे.

संदर्भसूची नि फॉरमॅटिंग तुझ्याकडे आलं, ते मला मुळीच आवडलं नाही. डच येत नाही म्हणून बाहेरून आलेल्या मुलींच्या वाट्याला हे हमखास येतं. डच अहवाल डच मुलं वाचतील, ठीक आहे. पण मग त्यांनी त्यातला पुरावा तुम्हाला इंग्रजीत सांगायचा, पान क्रमांकासकट, आणि त्यातून काय सिद्ध होतं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तू निदान एक मुद्दा मुळापासून स्वतःचा माग. वाळूच्या भुकेचा घे, सगळ्यांत अवघड तोच आहे.

लिहून झाल्यावर एकाच व्यक्तीने संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचायचा. एका भागात ‘धरण’, दुसऱ्यात ‘अडथळा’, तिसऱ्यात ‘दारं’, अशी एकाच गोष्टीला तीन नावं सापडतील. एकीने खात्रीने लिहिलेलं दुसऱ्याने ‘कदाचित’ म्हणून पातळ केलेलं असेल. हे कानालाच कळतं. यासाठी मुदतीच्या आधीचे दोन दिवस मोकळे ठेवा.

आता जरा रुक्ष, पण महत्त्वाचं. इथे वाङ्मयचौर्याचं प्रकरण परीक्षा मंडळाकडे जातं, आणि गंभीर असेल तर वर्षभरापर्यंत परीक्षेला बसू न देण्याची कायद्यात सोय आहे. ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या नियमांत तर स्पष्टच आहे, की सामाईक पेपरमध्ये एकाने चोरी केली आणि बाकीच्यांना ते कळू शकलं असतं, तर तेही सहभागी धरले जातात. तुमच्या विद्यापीठाचा नियम आजच काढून वाच. म्हणून सगळं एकाच सामाईक फाइलमध्ये लिहा, कोणी कधी काय बदललं ते दिसत राहील. चॅटजीपीटी कुठपर्यंत चालेल, तेही शिक्षकांना आधीच मेलवर विचारा. आणि ग्रुपमध्ये कुणी फुकट्या निघालाच, तर दोन आठवडे मनात कुढू नकोस. आधी त्याच्याशी सरळ बोल, नाही सुधारला तर ट्यूटरला कळव. याला इथे चुगली समजत नाहीत, आणि शेवटच्या दिवशी केलेली तक्रार फारशी कामाची नसते.

गुणांचं आईला मी समजावते. इथे दहापैकी साडेपाचला पास, आठ म्हणजे फारच छान, आणि दहा जवळजवळ कुणाला देतच नाहीत. सात आले तर रडत बसू नकोस.

सोमवारी भेटाल तेव्हा वाटणी बाजूला ठेवा. ‘कारण’च्या पुढचं वाक्य प्रत्येकाने एकमेकांचं न बघता आपापल्या कागदावर लिहायचं आणि मग चारही कागद टेबलावर मांडायचे. तुझं वाक्य रविवारी रात्री मला पाठव. मी त्याला जमेल तितका विरोध करेन, म्हणजे सोमवारी तुझी तयारी झालेली असेल.