गोदामातला वाकलेला खांब ओळखा

पेण तालुक्यातले, रामवाडीच्या नाक्यावरून गाडी धरणारे आपल्या वस्त्यांमधले अनेक तरुण आणि भगिनी उरण, पनवेल, खालापूरकडच्या गोदामांत कामाला जातात. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या पाठोपाठ या पट्ट्यात गोदामे वाढत गेली. आत माल ठेवायला उंच लोखंडी रॅक असतात. रॅक कोसळला तर पळायला वेळ मिळत नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेतला आहे. घरातल्या प्रत्येकाने तो वाचावा.

रॅकवर वजन किती असते?

तांदळाची एक गोण ५० किलोची. एका पॅलेटवर २० गोणी म्हणजे १ टन. एका कप्प्यात दोन पॅलेट आणि असे चार थर धरले तर ८ टन. हा सगळा भार दोन-तीन मिलिमीटर जाड पत्र्याच्या खांबांवर उभा असतो. खांब सरळ असेपर्यंत तो भार पेलतो. पत्र्याचा रिकामा डबा उभा ठेवला तर बरेच वजन सोसतो, पण त्याच्या बाजूला पोचा पडला की त्याच वजनाखाली चपटा होतो. खांबाचेही तसेच आहे. रॅक एकमेकांना जोडलेले असल्याने एक पडला की शेजारचेही ओढले जातात. ब्राझीलमधल्या साओ लुईस शहरातील एका मोठ्या दुकानात २ ऑक्टोबर २०२० रोजी असेच रॅक एकामागोमाग कोसळले. त्यात एक कामगार दगावला आणि आठ जण जखमी झाले.

रोज काय पाहावे?

१. खांब : फोर्कलिफ्टचा धक्का बहुधा खालच्या भागाला बसतो. एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावून मधली फट पाहावी. युरोपातील प्रमाणाप्रमाणे समोरून आत दबलेल्या खांबात ३ मिलिमीटर आणि बाजूला वाकलेल्या खांबात ५ मिलिमीटरपर्यंतची फट चालते. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण ३ मिलिमीटर होतात. फट त्याहून मोठी असेल तर तो कप्पा रिकामा करून दुरुस्त करावा. दुप्पट किंवा अधिक असेल तर लगेच रिकामा करावा आणि कोणालाही जवळ जाऊ देऊ नये.

२. आडवा बीम : भरल्यावर थोडा झुकतो. २.७ मीटरच्या बीमला साडेतेरा मिलिमीटरपर्यंतचा झोक चालतो. माल काढल्यावर तो पुन्हा सरळ व्हायला हवा.

३. पिन आणि बोल्ट : बीमच्या दोन्ही टोकांना पिन हवी. ती नसेल तर खालून काटा लागताच बीम निसटतो. खांबाचा तळ जमिनीला बोल्टने पक्का हवा.

४. वजनाचा फलक : प्रत्येक थरावर किती वजन चालते हे रॅकवर लिहिलेले हवे.

हे करू नये

रॅकवर चढू नये. उचललेल्या पॅलेटखाली उभे राहू नये. फोर्कलिफ्टच्या काट्यांवर बसून वर जाऊ नये. जड माल खालच्या थरात ठेवावा, फुटकी पॅलेट वर चढवू नये. वाकलेला खांब ठोकून किंवा तापवून सरळ करू नये, त्याने लोखंडाचा जोर जातो. बीमची उंची मनाने बदलू नये. दोन बीममधले अंतर वाढले की खांब कमी भार सोसतो.

पेण, हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तींच्या मांडण्या असतात. जड मूर्ती खाली आणि मांडणी भिंतीला पक्की, ही काळजी तिथेही घ्यावी.

थकवा आणि हक्क

बारा तासांच्या पाळीच्या शेवटी चालकाचे डोळे जड होतात आणि काटा खांबाला लागतो. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारा कायदा झाला. पुरेशी विश्रांती हा सुरक्षेचाच भाग आहे. धक्का लागला तर चालकाने तो लपवू नये आणि मालकानेही सांगणाऱ्याला शिक्षा करू नये. शिक्षेच्या भीतीने लपवलेला पोचाच पुढे जीव घेतो.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि गोदामाला ईएसआय लागू असेल, तर ठेकेदाराच्या कामगारालाही त्याचा हक्क आहे. कामावर दुखापत झाल्यास उपचार मिळतात आणि काम बंद असलेल्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. आपला ईएसआय नंबर आजच विचारून घ्या आणि घरी लिहून ठेवा.

अपघात झालाच तर

ढिगावर धावून जाऊ नका, शेजारचा रॅकही पडू शकतो. फोर्कलिफ्ट थांबवा, सगळ्यांना बाहेर काढा, १०८ वर फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. मान किंवा पाठीला मार लागलेल्याला, जागा धोक्याची नसेल तर, हलवू नका.

आज कामावर गेल्यावर आपल्या रांगेतले खांब एकदा नीट पाहा. काही वाकलेले दिसले तर सुपरवायझरला लेखी कळवा आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.