पूर ओसरल्यानंतरचा पंचनामा

2017 च्या ऑगस्टअखेरीस हार्वे चक्रीवादळाने ह्यूस्टनवर जी अभूतपूर्व वृष्टी केली, तिच्यामुळे अ‍ॅडिक्स आणि बार्कर हे पूरनियंत्रक जलाशय तुडुंब भरले, आणि लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने त्यांचे पाणी सोडण्यास आरंभ केल्यावर शहराच्या पश्चिम भागातील ज्या असंख्य घरांत ते शिरले, त्यांत आमचेही घर होते. शासकीय नकाशात आमची वस्ती पूरक्षेत्राबाहेर असल्यामुळे तेथे फ्लड इन्शुरन्सची सक्ती नव्हती, आणि घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराच्या नुकसानीचा अंतर्भाव नसतो. विमा कंपनीचे नकारपत्र यथावकाश आले. असे पत्र संतापाच्या भरात कोणीही फेकून देऊ नये. भरपाई मिळण्याजोगी असता दावाच न करणाऱ्यास करात वजावट मिळत नाही, म्हणून दावा रीतसर करून तो नामंजूर झाल्याचा हा लेखी दाखला पुढे मोलाचा ठरतो.

अमेरिकेच्या आयकर कायद्यात अशा विपन्नावस्थेसाठी एक तरतूद आहे. राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केलेली असल्यास तीत झालेले नुकसान आदल्या वर्षाच्या उत्पन्नातूनही वजा करता येते; म्हणजे 2016 चे पूर्वीच दाखल झालेले विवरणपत्र फॉर्म 1040-एक्सने दुरुस्त करून, सोबत फॉर्म 4684 जोडून, भरलेला कर परत मागता येतो. हार्वेच्या बाबतीत त्याची मुदत 15 ऑक्टोबर 2018 पर्यंत होती, आणि काँग्रेसने खास कायदा करून उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतचे नुकसान सोसण्याची अट काढून टाकली होती; प्रत्येक आपत्तीमागे 500 डॉलर तेवढे वगळावे लागत. तथापि पैसा लवकर मिळतो एवढ्यावर भुलून आदले वर्ष पत्करू नये. दोन्ही वर्षांचा हिशेब शेजारी शेजारी मांडावा, कारण ज्या वर्षी कराचा दर चढा, त्या वर्षी वजावटीचे चीज अधिक होते.

आपल्याकडे अतिवृष्टीनंतर तलाठी येऊन पंचनामा करतो. येथे करापुरता तो ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. फेमाचा, म्हणजे केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, निरीक्षक येतो खरा, परंतु त्याची पाहणी फेमाच्या मदतीपुरती असते, आणि घराच्या दुरुस्तीसाठी मिळालेली ती मदत नुकसानीतून वजाच करावी लागते. भिजलेले शीटरॉक कापून रस्त्याच्या कडेला ढीग रचण्याची घाई सर्वांनाच असते, कारण बुरशी थांबत नाही. तरीही पाण्याच्या रेषेशी मापनाची टेप धरून प्रत्येक भिंतीचे आणि प्रत्येक वस्तूचे छायाचित्र आधी घ्यावे. सामानाचे नुकसान वस्तुगणिक निराळे मोजतात, आणि मूळ खरेदीची किंमत व पुरामुळे घटलेले बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम कमी, तीच ग्राह्य धरतात. पुण्याहून हौसेने मागवलेला आमचा सागवानी देव्हारा फुगून उकलला. कायद्याच्या दृष्टीने ते जुने लाकडी सामान होते, आणि हे मनाला कितीही लागले तरी तक्त्यात त्याची किंमत तशीच लिहावी लागली.

घराच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च हा मूल्यऱ्हासाचा पुरावा मानता येतो, पण घर पूर्ववत होण्यापुरताच. आमच्या कर सल्लागाराने ठेकेदाराचे एकत्रित बिल जसेच्या तसे पुरेसे मानले. त्यात स्वयंपाकघरातल्या जुन्या लॅमिनेटच्या ओट्याजागी बसवलेला ग्रॅनाइटही होता, आणि आयकर खात्याकडून पृच्छा आली ती नेमकी त्यावर. तोवर ठेकेदार दुसऱ्या कामांत गुंतलेला, आणि त्याच्याकडून फोड करून घेताना तगादा लावावा लागला. तेव्हा काम सुरू होण्यापूर्वीच पूर्वस्थितीचा खर्च एका कागदावर आणि सुधारणेचा दुसऱ्यावर लिहून घ्यावा.

आपत्तीचे नाव अर्जाच्या माथ्यावर ठळक लिहावे, आणि घोषणेचा क्रमांकही, जो टेक्सासमधील हार्वेसाठी 4332 आहे, न विसरता नोंदवावा. साऱ्या कागदांची एक प्रत घराच्या खरेदीखताजवळ ठेवावी. घेतलेली वजावट आणि मिळालेली मदत यांनी घराची हिशेबी किंमत घटते, दुरुस्तीने वाढते, आणि घर विकताना नफ्याची आकारणी याच आकड्यांवरून होते.