विणकराची मुलगी आणि भगवान बुद्धांची शिकवण

(प्राथमिक शिक्षकांसाठी पाठ)

उद्देश : बुद्धांच्या शिकवणीतील मुख्य तत्त्वे मुलांना परिचित असलेल्या जीवनातून समजावून देणे, आणि दोष देण्यापूर्वी कारण शोधण्याची सवय वर्गात रुजविणे.

विषयप्रवेश

सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे विणकरांचे गाव म्हणून पूर्वापार ओळखले जाते. माग, ताणा, बाणा, धोटा, कांडी हे शब्द येथील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले. अशा गावात बुद्धांच्या शिकवणीचा पाठ राजवाड्यापासून सुरू करण्याऐवजी मागापासून सुरू केला, तर तो मुलांना अधिक जवळचा वाटेल. शिक्षकाने वर्गात एक रिकामी कांडी व थोडे सूत आणावे, दोघातिघांकडून ती भरून घ्यावी आणि मग पुढील कथा सांगावी.

कथा

ही कथा धम्मपदावरील अट्ठकथेत, म्हणजे जुन्या पाली टीकेत, आली आहे. आळवी नगरात एका विणकराची मुलगी राहत होती. भगवान बुद्ध तेथे प्रथम आले तेव्हा, जीवन अनिश्चित व मृत्यू निश्चित आहे याचे स्मरण ठेवून वागावे, असा उपदेश त्यांनी केला. इतर लोक तो ऐकून आपापल्या कामास लागले. ही मुलगी मात्र तीन वर्षे त्यावर विचार करीत राहिली.

बुद्ध पुन्हा आळवीस आले, त्याच दिवशी वडिलांनी तिला कांडी भरून आणण्यास सांगितले होते. काम टाकावे तर वडील रागावणार, काम करीत बसावे तर उपदेश चुकणार. तिने आधी कांडी भरली. इकडे भोजन आटोपले, लोक जमले, परंतु बुद्ध काही बोलेनात. जिच्यासाठी ते दूरचा प्रवास करून आले होते, ती अद्याप आली नव्हती. अखेर कांडीची टोपली घेऊन ती मुलगी सभेच्या कडेला येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलाविले.

त्यांनी तिला चार प्रश्न विचारले. कोठून आलीस आणि कोठे जाणार, या दोन्ही प्रश्नांना तिने ठाऊक नाही असे उत्तर दिले. ठाऊक नाही काय, असे विचारताच ठाऊक आहे म्हणाली. ठाऊक आहे काय, असे विचारताच ठाऊक नाही म्हणाली. लोकांना हा उद्धटपणा वाटला व ते रागावले. बुद्धांनी त्यांना शांत केले आणि उत्तरांचा अर्थ त्या मुलीलाच विचारला. जन्मापूर्वी आपण कोठे होतो व मृत्यूनंतर कोठे जाणार हे ठाऊक नाही. मृत्यू येणार हे ठाऊक आहे, परंतु केव्हा येणार हे ठाऊक नाही, असा तिचा आशय होता. बुद्धांनी सर्वांसमक्ष तिची प्रशंसा केली.

कथेचा शेवट दुःखद आहे. त्याच दिवशी मागाचा आघात होऊन ती मुलगी मरण पावते आणि बुद्ध तिच्या शोकाकुल पित्याचे सांत्वन करतात. लहान मुलांच्या वर्गात हा भाग सांगण्याचे कारण नाही.

तत्त्वांचे विवेचन

या कथेत बुद्धांनी दोन गोष्टी केल्या. उशिरा येणाऱ्या मुलीसाठी ते थांबले. आणि तिचे उत्तर विपरीत वाटले तेव्हा दोष देण्याऐवजी त्यांनी अर्थ विचारला. त्यांच्या शिकवणीचे मर्म येथेच सापडते. सारनाथ येथे पाच शिष्यांना दिलेल्या पहिल्या उपदेशात त्यांनी चार आर्यसत्ये सांगितली : दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर केले असता दुःख दूर होते, आणि तसे करण्याचा मार्ग आहे. हा मार्ग अष्टांगिक होय. सम्यक् दृष्टी, संकल्प, वाणी, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती व समाधी ही त्याची आठ अंगे. दुःखाचे मूळ त्यांनी तृष्णेत व अज्ञानात दाखविले. वैद्य ज्याप्रमाणे रोग, रोगाचे कारण, आरोग्य व उपचार या क्रमाने विचार करतो, तद्वत हा क्रम आहे.

हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मादक पदार्थांचे सेवन यांपासून दूर राहणे, हे पंचशील. पाली परंपरेत यांतील प्रत्येकास 'शिक्षापद' म्हणतात. शील ही वरून आलेली आज्ञा नसून माणसाने स्वतः स्वीकारलेला अभ्यास आहे, हे या शब्दावरून ध्यानात येते. अभ्यासात चूक होते. ती दुरुस्त करून पुढे जावयाचे असते.

जीवनावरील परिणाम

या शिकवणीने माणसाची किंमत जन्मावरून न ठरविता आचरणावरून ठरविली. नापितकुळातील उपाली संघात इतका अधिकारी ठरला की, राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे कथन त्याने केले, असे परंपरा सांगते.

विदर्भाशी या धम्माचा संबंध प्राचीन आहे. खाप्यावरून वाहणारी कन्हान पुढे वैनगंगेस मिळते. त्याच वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे, १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष व दात्यांची नावे कोरलेले दगड मिळाले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कुशीनगरचे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. ज्यांना पाणवठ्यावर व शाळेच्या वर्गात दूर ठेवले गेले होते, त्यांच्या दृष्टीने ही समतेची व आत्मसन्मानाची प्रतिज्ञा होती. हा प्रसंग सांगताना शिक्षकाने अस्पृश्यतेचे दुःख सौम्य करून सांगू नये. तसेच वर्गातील कोणत्याही मुलाकडे बोट दाखवून ते सांगू नये.

वर्गातील उपयोजन

एखादा मुलगा रोज उशिरा येतो असे समजावे. त्याला दाराबाहेर उभे केले तर वर्गात शिस्त दिसते, परंतु काही दिवसांनी तो येणेच बंद करतो. येथे चार सत्यांचा क्रम उपयोगी पडतो. अनुपस्थिती हे दुःख. घरचे काम, धाकट्या भावंडांचा सांभाळ, आजार किंवा अपमानाची भीती यांपैकी काहीतरी त्याचे कारण. कारण कळले की उपाय सुचतो : पालकांची भेट, कामाच्या वेळेत बदल, बुडलेल्या पाठाची उजळणी. नियम सोडावयाचा नाही. पण मूलही सोडावयाचे नाही.

सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला केलेल्या उपदेशात बुद्धांनी गुरूला दक्षिण दिशेची उपमा दिली आहे. शिष्याने आदराने व लक्षपूर्वक शिकावे. गुरूने त्याला उत्तम वळण लावावे, विषय नीट समजावून द्यावा, विद्या हातची राखून ठेवू नये, मित्रमंडळीत त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि सर्व दिशांनी त्याचे रक्षण करावे. शिष्याच्या कर्तव्यांसमोर गुरूचीही कर्तव्ये मांडली आहेत, हे विशेष होय.

सूचना

संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. यास्तव हा पाठ इतिहास व सदाचार या दृष्टीने शिकवावा. मुलांकडून वंदना अगर प्रतिज्ञा म्हणवून घेऊ नये. सर्व धर्मांच्या मुलांना प्रश्न विचारण्याची मोकळीक असावी.

स्वाध्याय

१. बुद्ध उपदेश सुरू न करता का थांबले?
२. मुलीच्या उत्तरांचा लोकांनी कोणता अर्थ घेतला? खरा अर्थ कोणता होता?
३. 'शिक्षापद' व 'आज्ञा' यांत काय फरक आहे?
४. गेल्या आठवड्यात वर्गात झालेले एक भांडण घ्या. कोणाची चूक हे न लिहिता, ते का झाले एवढेच चार ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने वर्गात मोठ्याने वाचू नयेत. ती स्वतः वाचावीत आणि त्यांतून जे कारण दिसेल, त्याच्या उपायास दुसऱ्या दिवसापासून आरंभ करावा.