वाफेच्या नळास चीर कां पडते?

विद्यार्थ्यांनो, वेरूळचें कैलास लेणें तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. राष्ट्रकूट राजांच्या काळीं, आठव्या शतकांत, शिल्पकारांनीं तें एकाच खडकांतून वरून खालीं कोरून काढिलें. त्यास सांधा नाहीं. यंत्रांना मात्र सांधे असतात, आणि सांधा आला कीं त्याची काळजीही आली.

याच मराठवाड्यांत परळी वैजनाथ येथें औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथें १९७१ सालीं वीज तयार होऊं लागली. अशा केंद्रांत कोळशाच्या आंचेनें पाण्याची वाफ करितात व ती पोलादी नळांतून टर्बाइनकडे नेतात. मोठ्या संचांत तिचें उष्णतामान सुमारें ५४० अंश सेंटिग्रेड असतें.

असा भक्कम नळ चिरतो कां? मुख्य कारणें तीन. पहिलें, तापलेलें पोलाद दाबाखालीं वर्षानुवर्षें किंचित् किंचित् ताणलें जातें. त्याच्या अंतर्भागांत सूक्ष्म पोकळ्या पडतात व त्या एकमेकींस मिळून चीर होते. वेल्डिंगच्या सांध्याजवळ पोलादाची घडण बदललेली असल्यामुळें हा दोष बहुधा तेथें आधीं दिसतो. दुसरें, संच वारंवार बंद-चालू केल्यानें नळ प्रसरण व आकुंचन पावतो. पुनःपुन्हां वांकविलेली तार तुटते, तसा तोही शिणतो. तिसरें, पाणी शुद्ध नसल्यास बाष्पकाच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो, जसा घरच्या बंबांत बसतो. मग पाण्याचा गारवा पोलादास पोंचत नाहीं. तें अति तापून फुगतें व फुटतें.

फुटलेली नळी आपली हकीकत स्वतःच सांगते. भोकाच्या कडा पातळ असल्या, तर उष्णता एकाएकीं वाढली असें बहुधा समजावें. जाड असल्या, तर दोष दीर्घकाळचा. परंतु दक्ष तपासनीस फुटण्याची वाट पाहत नाहीं. तो नळाचा पृष्ठभाग आरशासारखा घासतो, त्यास आम्ल लावितो, पातळ पापुद्र्यावर त्याचा ठसा घेतो आणि सूक्ष्मदर्शकाखालीं त्या पोकळ्या शोधतो.

या कामीं हयगय चालत नाहीं. ९ जून १९८५ रोजीं अमेरिकेंतील नेवाडा संस्थानांत मोहावी वीजकेंद्राचा वाफेचा मोठा नळ लांबीच्या सांध्यावर फाटला आणि सहा माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर अशा सांध्यांची तपासणी तेथें कसून होऊं लागली. आपल्या देशांत बाष्पकांच्या तपासणीचा कायदा १९२३ सालींच झाला होता.

बटण दाबतांच दिवा लागतो, तेव्हां दूर कोठेंतरी एक सांधा तपासणाऱ्या माणसाचें आपण स्मरण करावें. आणि आपल्या हातचें काम पुरें झालें असें वाटलें, तरी तें एकदां पुन्हां तपासून पाहावें.