तांड्यावरील विद्यार्थ्यांचे मराठी श्रवण : अधिबोधाच्या अंगाने एक विचार

‘परकी भाषा’ म्हटली की आपल्याकडील भाषाशिक्षणविषयक लेखनात इंग्रजी गृहीत धरली जाते. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावरून पहिलीच्या वर्गात येणाऱ्या बंजारा मुलाच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. त्याच्या घरची भाषा गोरमाटी. मराठी ही राज्याची भाषा असली, तरी पुस्तकातील मराठी त्याच्या कानाला नवीच असते. शिवाय सन २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासूनच आल्यामुळे एका परक्या भाषेच्या जोडीला दुसरीही येऊन बसली आहे. हे मूल मराठी कसे ऐकते आणि ऐकत असताना आपल्या समजण्यावर स्वतःच लक्ष कसे ठेवते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ऐकणे ही निष्क्रिय क्रिया नव्हे, हे आपल्या परंपरेला नव्याने सांगावयास नको. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाचे. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास त्यालाच वाहिलेला आहे. श्रवणापाठोपाठ मनन येते, ते ऐकलेले तपासून घेण्यासाठीच. आधुनिक मानसशास्त्रात जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात मांडलेली कल्पना याच्या जवळ जाते. आपल्या जाणण्याविषयीचे आपले जाणणे, म्हणजे येथे ज्याला अधिबोध म्हटले आहे तो. ओमॅली व शामो यांनी १९९० मध्ये ही कल्पना दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या कार्यनीतींना पद्धतशीरपणे लावली. पुढे २००६ मध्ये लॅरी व्हँडरग्रिफ्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रवणातील अधिबोध मोजणारी एकवीस विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. तिच्यात पाच घटक आहेत : नियोजन व मूल्यमापन, अवधानाचे नियंत्रण, समस्यापरिहार, मनातल्या मनात भाषांतर आणि श्रोता म्हणून स्वतःविषयीची धारणा. यांपैकी भाषांतर हा घटक इतरांहून वेगळा आहे. कुशल श्रोत्याने तो टाळावयाचा असतो, असे ही प्रश्नावली मानते. शब्दाला शब्द लावीत बसणाऱ्याच्या हातून पुढचे वाक्य निसटते, हे त्यामागील कारण.

प्रस्तुत लेखकाचा मतभेद येथे आहे. ज्या दोन भाषांत फारसे साम्य नाही, तेथे हे कारण पटण्याजोगे आहे. गोरमाटी आणि मराठी यांचे नाते मात्र निराळे आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात या भाषेची नोंद असून तिचा संबंध राजस्थानीशी जोडलेला आहे. म्हणजे दोन्ही भाषा भारतीय आर्य कुळातील. ‘पाणी’ आणि ‘घर’ दोन्हींकडे आहेत. ‘तारो नाम कांई छ?’ आणि ‘तुझे नाव काय आहे?’ या वाक्यांतील पदक्रमसुद्धा एकच आहे. तांड्यावरील मूल मराठी ऐकते तेव्हा ते भाषांतर करीत नसते, तर सादृश्य शोधीत असते. ही वाट त्याला टाळावयास सांगणे म्हणजे त्याच्या हातातील काठीच काढून घेणे होय.

अर्थात काठी आहे म्हणून ठेच लागत नाही, असे नाही. गोरमाटीत ‘बाटी’ म्हणजे भाकरी. वऱ्हाडातील वरण-बट्टीच्या पंगतीत मात्र त्याच नावाचा भाजलेला गोळा पानात पडतो. ‘कांई’ हा गोरमाटीत प्रश्न आहे. मराठीत ‘काही’ ऐकले तर प्रश्न नसतो. ‘काही मुले आली’ हे विधान प्रश्नासारखे कानावर पडणे अशक्य नाही. सादृश्याने जेवढे मिळते, तेवढ्याच सहजपणे ते फसवतेही. आणि फसलो आहोत हे कळत नाही, कारण अर्थ लागल्याचा भास झालेला असतो. अजिबात न समजलेल्या शब्दापाशी श्रोता थांबतो. चुकीचा समजलेला शब्द त्याला थांबवीत नाही.

व्याकरणातही असेच आहे. गोरमाटीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग आहे. मराठीतील नपुंसकलिंग तिच्यात नाही. ‘गायीने वासराला हाकलले, ते नदीकडे पळाले, ती तेथेच उभी राहिली’ हे वाक्य मराठी घरातील मूल न अडखळता ऐकते, कारण ‘ते’ आणि ‘ती’ यांनी दोघांची वाटणी करून दिलेली असते. गोरमाटी भाषक मुलाला ही वाटणी मुद्दाम शिकावी लागते. याउलट ‘बाबांनी वासरू सोडले आणि ते नदीकडे गेले’ या वाक्यात कोण गेले? आदरार्थी ‘ते’ बाबांचे की नपुंसकलिंगी ‘ते’ वासराचे? येथे मराठी भाषकालाही थांबावे लागते. जो थांबतो तो आपल्या समजण्यावर पहारा ठेवीत असतो. अधिबोध म्हणतात तो हाच. यात मराठी घरातील मूल पुढे आणि तांड्यावरील मूल मागे, असे मुळीच नाही.

किंबहुना तांड्यावरील मुलाला या पहाऱ्याचा सराव अधिक असण्याचा संभव आहे. घरी गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी, वर्गात प्रमाण मराठी. बाजारात ‘मले’, ‘तुले’ ऐकू येते आणि वर्गात ‘मला’, ‘तुला’. बाहेर ‘डोया’, पुस्तकात ‘डोळा’. कोण बोलत आहे हे पाहून कान बदलण्याची कला त्याने शाळेत येण्यापूर्वीच हस्तगत केलेली असते. ती कुणी शिकविलेली नाही आणि म्हणून कुणी मोजतही नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह येथेच लावून दिला आहे. आम्हा साहित्याच्या अभ्यासकांना त्या विवाहाचे मोठे अप्रूप. त्याच जिल्ह्यातील तांड्यावरच्या बोलीचे तेवढे नाही.

आता एक वर्गातील प्रसंग कल्पावा. गुरुजी सूचना वाचतात : ‘रामनवमीच्या आदल्या दिवशी शाळा अर्धा दिवस भरेल.’ पोहरादेवीची रामनवमीची यात्रा हे तांड्यावरील मुलाचे अगदी जवळचे जग. ‘रामनवमी’ आणि ‘शाळा’ हे दोन शब्द कानावर पडताच त्याचा अंदाज पुरा होतो : यात्रेला सुट्टी! ‘आदल्या’ आणि ‘अर्धा’ निसटतात. येथे शब्दसंग्रह कमी पडला असे म्हणता येईल काय? अंदाज बांधणे ही चांगलीच कार्यनीती आहे. पण बांधलेला अंदाज पुढील शब्दांवर घासून पाहिला गेला नाही. अशा वेळी ‘लक्ष देऊन ऐका’ हा आपल्या वर्गांतील नेहमीचा उपदेश निरुपयोगी ठरतो. मुलाने लक्ष दिलेलेच होते.

व्हँडरग्रिफ्ट यांच्या पाठपद्धतीत यासाठी एक साधा क्रम आहे. ऐकण्यापूर्वी काय येईल ते सांगावयाचे, एकदा ऐकून अंदाज पडताळावयाचा, शेजाऱ्याशी बोलून फरक शोधावयाचा, पुन्हा ऐकावयाचे, आणि शेवटी आपण कोठे व का चुकलो ते सांगावयाचे. त्यांनी तफगोदतारी यांच्यासह केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रेंच शिकणारे १०६ विद्यार्थी होते. या क्रमाने शिकलेल्यांचे श्रवण सुधारले, आणि त्यांतही आरंभी कच्चे असलेल्यांना अधिक लाभ झाला. ते विद्यार्थी प्रौढ होते; आपले पहिली-दुसरीतील आहेत, हे अंतर विसरून चालणार नाही.

हा क्रम मानोऱ्याच्या शाळेत आणावयाचा तर शेजाऱ्याशी बोलण्याची पायरी गोरमाटीत व्हावी. ज्या भाषेत मूल विचार करते, त्या भाषेतच ‘मला असे का वाटले’ हे त्याला सांगता येईल. मराठीतूनच सांग असा आग्रह धरला, तर ते गप्प बसेल आणि त्या गप्प बसण्याला मंदपणा समजले जाईल. गुरुजींना गोरमाटी येत नाही, ही अडचण वाटते तितकी मोठी नाही. दोन मुले आपसांत बोलतात, त्यातले कळले नाही तरी चालते. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर दोघांचे उत्तर एक झाले की नाही, एवढे गुरुजींना मराठीत विचारता येते. फळ्याच्या एका कडेला फसव्या शब्दांची जोडी लिहून ठेवावी : बाटी–बट्टी, कांई–काही. गोरमाटी महाराष्ट्रात देवनागरीत लिहिली जात असल्याने त्यासाठी वेगळ्या लिपीची गरज पडत नाही. जोड्या मुलांनीच शोधून द्याव्यात. त्या शोधताना गुरुजी शिकणारे होतात आणि मूल सांगणारे. पहिलीच्या वर्गात हा बदल फार क्वचित घडतो.

परीक्षेचा प्रश्न उरतोच. तोंडी परीक्षेत ‘शाळा केव्हा अर्धा दिवस भरणार?’ असे विचारले जाते आणि उत्तराला गुण मिळतात. ‘तुला ते कशावरून कळले?’ हा दुसरा प्रश्न त्याला जोडला, तर ‘आदल्या’ या शब्दावर बोट ठेवणारे मूल आणि केवळ शेजाऱ्याचे ऐकून बरोबर उत्तर देणारे मूल यांतील फरक दिसू लागेल. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोरमाटीत आले तरी ते ग्राह्य धरावयाचे की नाही, हे मात्र प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना ठरवावे लागेल.