जलशुद्धीकरण केंद्रातील विद्युत तपासणी : अर्थिंग दिसून भागत नाही, मोजावे लागते

ग्रामीण पाणीपुरवठा योजनेत पाण्याच्या तपासणीची शिस्त आता रुळली आहे. क्लोरीनचे प्रमाण पाहिले जाते, नमुने प्रयोगशाळेत जातात, नोंदवहीत आकडे चढतात. मात्र ज्या विजेवर पंप, ढवळणी यंत्रे आणि क्लोरीन-मात्रक पंप चालतात, तिच्या सुरक्षिततेचा एकही आकडा बहुतेक पंपघरांच्या नोंदवहीत आढळत नाही. भिलाईच्या कुरुद भागापासून विदर्भातील नळयोजनांपर्यंत विस्तार कार्यकर्त्यांनी ज्या विषयाकडे लक्ष वेधावे, तो हाच आहे. प्रस्तुत पाठातील तत्त्वे शेतातील पंपघरालाही तितकीच लागू पडतात.

दोन दुर्घटना, एक धडा

१९ जुलै २०२३ रोजी उत्तराखंडमधील चमोली येथे अलकनंदेच्या काठावरील सांडपाणी प्रक्रिया केंद्रात विजेच्या धक्क्याने १६ जणांचा मृत्यू झाला. केंद्रातील एक कर्मचारी आदल्या रात्रीच मृत्युमुखी पडला होता. सकाळी पंचनाम्यासाठी पोलीस, गृहरक्षक दलाचे जवान आणि ग्रामस्थ तेथे जमले असताना केंद्राच्या लोखंडी भागांत वीजप्रवाह उतरला. वीज कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या माहितीनुसार रात्री एक फेज बंद होती आणि सकाळी ती पूर्ववत होताच हा प्रकार घडला.

खुद्द भिलाईतही पाण्याच्या यंत्रणेशी निगडित मोठी दुर्घटना घडली आहे. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात पंपघरातील बिघाडामुळे पाण्याचा दाब घटला, कार्बन मोनॉक्साइड वायू पसरला आणि ६ जणांचा बळी गेला. मृतांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. तेथील घातक घटक वीज नव्हे, वायू होता. तरीही धडा एकच आहे. पाण्याच्या यंत्रणेतील धोका डोळ्यांना दिसत नाही, आणि तो दूर झाल्याचे मोजून ठरविल्याखेरीज आत जाणारा प्रत्येक जण पुढचा बळी ठरू शकतो.

केवळ अर्थिंग का पुरत नाही?

‘अर्थिंग केलेले आहे’ या उत्तरावर अनेक पाहण्या थांबतात. एक साधा हिशेब पाहू. पंपघरात येणारी मुख्य केबल पॅनेलच्या पत्र्यावर घासून तिचे आवरण फाटले आणि २३० व्होल्टची फेज पत्र्याला लागली. पंपघराच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आणि रोहित्राच्या न्यूट्रल अर्थिंगचा १ ओहम धरला, तर जमिनीतून वाहणारा प्रवाह २३० भागिले ६, म्हणजे सुमारे ३८ अँपिअर होतो. मुख्य स्विचमधील ३२ अँपिअरचा फ्यूज एवढ्या प्रवाहाने तासाभरातही वितळेलच असे नाही. दोष केबलमध्ये, म्हणजे स्टार्टरच्या अलीकडे असल्याने स्टार्टरचा ओव्हरलोड रिलेही उपयोगी पडत नाही. दरम्यान पॅनेलवर आणि त्याला जोडलेल्या शिडी-कठड्यावर ३८ गुणिले ५, म्हणजे सुमारे १९० व्होल्ट दाब कायम राहतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला तो प्राणघातक आहे.

येथे आरसीसीबी, म्हणजे गळतीप्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण, अनिवार्य ठरते. ३०० मिलिअँपिअर क्षमतेचे उपकरण मुख्य स्विचनंतर लगेच, दोषाची शक्यता असलेल्या केबलच्या आधी बसविले, तर वरील दोषात ते क्षणार्धात पुरवठा तोडते. सॉकेट, हातयंत्रे आणि मात्रक पंप यांसाठी ३० मिलिअँपिअरचे स्वतंत्र उपकरण हवे. माणसाचा स्पर्श झाल्यास जीव वाचविण्याची क्षमता त्यातच असते. अर्थिंग गळतीला वाट देते, आरसीसीबी पुरवठा तोडते. दोन्ही असावीत, आणि दोन्ही तपासलेली असावीत.

माती आणि अर्थिंग

अर्थिंगचा रोध मुख्यतः मातीवर अवलंबून असतो, आणि माती हा आपल्या वाचकांचा परिचित विषय आहे. छत्तीसगडच्या मैदानात शेतकरी कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा असे मातीचे प्रकार ओळखतात. भाटा ही जांभ्यासारखी मुरमाड जमीन; तिच्यात ओल टिकत नाही, म्हणून रोध जास्त येतो. काळी कन्हार ओली असताना उत्तम वाहक असते. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडून इलेक्ट्रोड आणि माती यांत फट निर्माण होते. विदर्भाच्या काळ्या जमिनीतही हाच अनुभव येतो.

म्हणून पावसाळ्यात घेतलेले चांगले मोजमाप फसवे असते. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्येच कोरड्या ऋतूत, कोरड्या दिवशी, निदान दोन वर्षांतून एकदा अर्थिंगची रोधचाचणी करण्याची तरतूद होती. जलकेंद्रासाठी दर वर्षी, एप्रिल-मे महिन्यांत ती करणे श्रेयस्कर. अर्थिंगच्या मांडणीसाठी आय.एस. ३०४३ ही भारतीय मानक संहिता मार्गदर्शक आहे.

तपासणीचा क्रम

ही कामे परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावीत. विस्तार कार्यकर्त्याने क्रम पाळला जातो का, हे पाहावे.

१. पुरवठा तोडणे : मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असावी आणि ‘काम चालू आहे’ असा फलक टांगावा. टेस्टर प्रथम चालू असल्याची खात्री असलेल्या जागी, मग कामाच्या जागी आणि पुन्हा पहिल्या जागी लावून पाहावा. असे केल्याने टेस्टरच नादुरुस्त असल्याचा धोका टळतो.

२. जोडणीची सलगता : मोटरचे अंग, पॅनेल, शिडी, कठडा, लोखंडी जलवाहिनी आणि टाकीवरील पत्रे हे सर्व मुख्य अर्थ-पट्टीला जोडलेले आहेत का, हे मीटरने पाहावे. वाचन १ ओहमहून बरेच कमी यावे. गंजलेला बोल्ट दिसायला घट्ट असतो, पण प्रवाह वाहून नेत नाही.

३. आवरणाचा रोध : ४१५ व्होल्टच्या मोटरसाठी ५०० व्होल्टचा मेगर वापरावा. वाचन १ मेगाओहमपेक्षा कमी आल्यास मोटर चालवू नये. चाचणीपूर्वी कपॅसिटर, इलेक्ट्रॉनिक पॅनेल आणि गतिनियंत्रक वेगळे करावेत, अन्यथा ते जळतात. चाचणीनंतर केबलमधील साठलेला भार जमिनीत उतरवावा. एका वाचनापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा : ५०, २० आणि ६ मेगाओहम अशी उतरती नोंद दिसली, तर मर्यादा गाठण्यापूर्वीच केबलचा सांधा तपासावा.

४. अर्थिंगचा रोध : तीन खुंट्यांच्या पद्धतीत इलेक्ट्रोड वेगळा करून प्रवाहाची खुंटी दूर रोवतात आणि दाबाची खुंटी त्या अंतराच्या सुमारे ६२ टक्क्यांवर ठेवतात. ती थोडी पुढे-मागे सरकवूनही वाचन स्थिर राहिले, तरच मोजमाप ग्राह्य धरावे.

५. आरसीसीबी : पुरवठा पूर्ववत केल्यावर उपकरणावरील चाचणी-बटण दाबून पाहावे, आणि पुढे महिन्यातून एकदा दाबावे. बटणाने उपकरणाची यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नव्हे. म्हणून क्रमांक ४ ची चाचणी टाळता येत नाही. उपकरण वारंवार तुटते म्हणून ते वगळून थेट जोडणी करणे म्हणजे धोक्याची सूचना देणारा पहारेकरीच हटविणे होय.

जलकेंद्राची विशेष काळजी

विरंजक चूर्ण आणि क्लोरीन यांच्या वाफेने तांब्याचे संपर्कबिंदू व पत्रे झपाट्याने गंजतात. त्यामुळे पॅनेल रसायनांच्या खोलीत ठेवू नये. पॅनेल जमिनीपासून उंचावर असावे, केबल-प्रवेशाची भोके बंद असावीत आणि पॅनेलसमोर विद्युतरोधी चटई असावी. जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घालण्याची सवय पूर्णतः थांबवावी.

अपघात घडल्यास

प्रथम मुख्य स्विच बंद करावा. तो सापडत नसेल तर वीज कार्यालयाला कळवून पुरवठा तोडून घ्यावा. तोवर पीडिताला, तसेच कठड्याला, शिडीला किंवा पाइपला कोणीही स्पर्श करू नये. पुरवठा तुटल्याची खात्री झाल्यावर श्वास थांबलेला असल्यास छातीदाब सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पंचनामा असो वा दुरुस्ती, तारतंत्री मोजमाप करून निर्धोक ठरवीपर्यंत आवारात गर्दी होऊ देऊ नये आणि पुरवठा पुन्हा जोडू देऊ नये. चमोलीच्या दुसऱ्या दिवसाचा धडा हाच आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

पुढील भेटीत पंपचालकाला ‘अर्थिंग आहे का?’ असे विचारू नये. ‘मागील मोजमाप किती ओहम आले, ते कोणत्या महिन्यात घेतले आणि आरसीसीबीचे बटण शेवटचे कधी दाबले?’ असे विचारावे. या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या पंपघरात मिळतात, तेथील सुरक्षितता तपासता येते. ज्या पंपघरात ती मिळत नाहीत, तेथे अर्थिंगची पट्टी भिंतीवर दिसत असली, तरी ती नसल्याचे गृहीत धरून काम सुरू करावे.