प्रकाश मोजावा कोठला?

कासच्या पठारावरील गेंदाच्या पांढऱ्या फुलांचे छायाचित्र करडे का येते? प्रकाशमापकाला रंग कळत नाही. समोरचे दृश्य सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करते, असे धरूनच तो आकडा दाखवतो. म्हणून पांढऱ्या फुलांना एक ते दीड स्टॉप अधिक प्रकाश द्यावा. अजिंक्यताऱ्याच्या काळ्या कातळाला थोडा कमी.

सांगलीत कृष्णेच्या घाटावर माणसामागे पाणी चमकत असेल, तर चेहऱ्याजवळ जाऊन मोजावे. ते जमत नसेल, तर चेहऱ्यावर पडतो तसाच उजेड तळहातावर घेऊन मोजावे. तळहात १८ टक्क्यांच्या जवळजवळ दुप्पट प्रकाश परावर्तित करतो. म्हणून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश द्यावा. फिल्म धुतल्यावर चूक कळते, पण तेव्हा तो क्षण हाती नसतो!